डिसेंबर-जानेवारीत कमी खर्चात व्हिएतनाम: एजंटचं पॅकेज घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही, शाकाहारी आई आणि दोन मुलं अशा चौघांना मुंबईहून आठ रात्रींसाठी परदेशी जायचंय. एजंट हनोई, दा नांग आणि सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) असं पॅकेज देतोय. ते घ्यावं का?

व्हिएतनाम निवडलंत ते उत्तम, पण हे पॅकेज घेऊ नका. हा देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे आणि डिसेंबरात त्याच्या तीन भागांत तीन हवामानं असतात. हनोईत पंधरा-वीस अंश आणि मळभ. हनोईजवळच्या 'हा लाँग' खाडीत धुकं उतरलं की बोटीतून समोरचा सुळकाही धड दिसत नाही. दा नांग, होई आन, ह्युए हा मधला पट्टा ईशान्य मान्सूनच्या तोंडावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं, आणि डिसेंबरातही पावसाचा नेम नसतो. दा नांगजवळच्या बा ना हिल्सवरचा तो प्रसिद्ध सोनेरी पूल ढगात बुडालेला असला तरी केबल कारचं तिकीट पूर्णच भरावं लागतं.

दक्षिणेत याच्या उलट. सायगॉन, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आणि फू क्वोक बेट इथे साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन असतं. म्हणून फक्त दक्षिण करा. हनोई-दा नांग आणि दा नांग-सायगॉन ही चौघांची मिळून आठ विमान तिकिटं तिथेच वाचतात. शिवाय पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने विक्रीवेळीच घ्यायचा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो खरा, पण तोवर पैसे अडकून राहतात.

तारखांबद्दल: २० डिसेंबर ते ३ जानेवारी हा काळ शक्य असेल तर टाळा. विमानाचं भाडं आणि फू क्वोकच्या खोल्या दोन्ही याच दिवसांत सर्वात महाग असतात. दुसरा टाळायचा काळ म्हणजे तेत, त्यांचं नववर्ष. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे आठवडाभर अख्खा देश गावी निघालेला असतो, बस-रेल्वे भरलेल्या आणि बरीच दुकानं बंद. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात सोयीचा.

व्हिसा स्वतः काढा, एजंटची गरज नाही. ई-व्हिसाची सरकारी फी एका प्रवेशासाठी २५ डॉलर आहे आणि तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. मुलांचे अर्ज आणि फी वेगळी, म्हणजे चौघांचे १०० डॉलर. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' आहे ना ते आधी बघा. अर्ज अडतात ते बहुतेक नावावरून. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ते जसंच्या तसं भरायचं, मधलं नाव गाळायचं नाही. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना खालच्या बाणांच्या दोन ओळी कापल्या जाऊ देऊ नका. चेहऱ्याच्या फोटोत चष्मा नको. सुरुवातीची तारीख मुंबईहून निघण्याच्या दिवसाची टाका, कारण व्हिसावरच्या तारखेआधी देशात प्रवेश मिळत नाही. कामाचे तीन दिवस लागतात असं सांगतात, पण दुरुस्ती निघाली तर वेळ हवा म्हणून तीन आठवडे आधी अर्ज करा. फी परत मिळत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. 'फू क्वोकला व्हिसा लागत नाही' असं कोणी सांगेल. ती सवलत थेट बेटावर जाऊन तिथेच राहणाऱ्यांना आहे. तुम्ही सायगॉनला विमानतळाबाहेर पडणार, तेव्हा तुम्हाला व्हिसा लागणारच.

मार्ग असा ठेवा: सायगॉन तीन रात्री, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलं कान थो शहर एक, फू क्वोक तीन, शेवटची रात्र पुन्हा सायगॉन. मुंबईहून थेट विमानाने पाच तासांच्या आसपास लागतात. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटात फक्त सात किलोचं हातातलं सामान धरलेलं असतं. मोठ्या बॅगेचं वजन बुकिंग करतानाच विकत घ्या, काउंटरवर फार महाग पडतं.

सायगॉन ते कान थो बसने चार तास. तिथे 'काय रांग' नावाचा तरंगता बाजार बघायचा तर पहाटे पाच-साडेपाचला निन किएउ धक्क्यावरून निघा, आठनंतर तो ओसरतो. प्रत्येक होडीवर उभ्या बांबूला विकायचा माल टांगलेला असतो: अननस, भोपळा, मुळा. रस्ते झाल्यापासून होड्या कमी झाल्यात, पण घाऊक व्यापार अजून डोळ्यांसमोर चालतो. तिथून 'राच जा' या बंदराच्या गावी बसने जाऊन फेरी पकडली की अडीच तासांत फू क्वोक. बेटावर दुओंग दोंग या गावात राहा. उत्तरेकडच्या मोठ्या रिसॉर्टमधून दर वेळी पंचवीस-तीस किलोमीटरचं टॅक्सीभाडं पडतं आणि साधं जेवण मिळत नाही. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून परतताना विमानाने सायगॉनला या आणि मुंबईच्या उड्डाणाआधी एक रात्र मोकळी ठेवाच.

आईंच्या जेवणाची काळजी नको, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 'भाज्या घातलेलं' म्हणजे तिथे शाकाहारी नव्हे. रस्सा हाडांचा आणि चव माशांच्या पाण्याची, म्हणजे 'नुओक माम'ची असते. म्हणायचं 'तोई अन चाय', म्हणजे 'मी शाकाहारी जेवतो'. 'चाय' हा बौद्ध परंपरेतला शब्द आहे, चहा नव्हे. चाय खाणावळीत मांस-मासे नसतात, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. ताटात हुबेहूब मांसासारखा तुकडा दिसला तर घाबरू नका, तो सोयाबीनचा किंवा गव्हाच्या चिकाचा असतो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक घरांत चाय जेवतात, त्यामुळे त्या दिवशी असं जेवण जागोजागी मिळतं. भात आणि दोन-तीन भाज्यांच्या ताटाला साधारण तीस ते पन्नास हजार डोंग पडतात. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग धरले तर हे शंभर ते पावणेदोनशे रुपये झाले.

पैशांसाठी कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या. फाटक्या किंवा पेनने लिहिलेल्या नोटा नाकारतात. एटीएमने 'रुपयांत वळते करू का' विचारलं तर नाही म्हणा आणि डोंगमध्येच काढा, नाहीतर दर वाईट लागतो. शहरात 'ग्रॅब' या टॅक्सी ॲपवरून गाडी बोलवा, भाडं आधी दिसतं आणि घासाघीस टळते. सगळ्यात सोपी फसगत होते ती नोटांच्या रंगामुळे. वीस हजार आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या, प्लॅस्टिकच्या, आणि संध्याकाळच्या उजेडात सारख्याच दिसतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, त्या वेगळ्या कप्प्यात असू द्या.