जुनं एअर पिस्तूल घेतलंय, १५ हजारांत त्यात काय काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही १० मीटर एअर पिस्तूल खेळता, क्लबमधल्या एका सीनियरकडून जुनं मॅच (स्पर्धेचं) पिस्तूल घेतलंय, हातात १५ हजार उरलेत, आणि ग्रिप (मूठ), ट्रिगर, साइट (नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच), बॅरलपुढचा कॉम्पेन्सेटर (उसळी कमी करणारा भाग) यांतलं आधी काय घ्यावं ते ठरत नाहीये.

ग्रिपवर खर्च करा. उरलेल्या पैशांचे पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) घ्या. बाकीचं जवळजवळ सगळं तुमच्या पिस्तुलात आधीच आहे, ते फक्त तुमच्या हाताला आणि डोळ्याला जुळवून घ्यायचं आहे.

पण त्याआधी सिलिंडर उलटा करून त्यावर कोरलेली तारीख वाचा. मॅच पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं धरतात आणि ती संपलेली नाही ना हे पाहणं स्पर्धेत खेळाडूचीच जबाबदारी असते. त्यात २०० बार दाब असतो आणि तो तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. तारीख उलटून गेली असेल तर बजेट आधी सिलिंडरला जाईल, ग्रिप पुढच्या महिन्यात. यात तडजोड करू नका, आणि सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह घरी उघडायचा विचारही करू नका.

आता ग्रिपच का, ते सांगतो. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचा. रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा मिळतात. तुमच्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर टार्गेटवर तोच फरक ३० मिलिमीटरचा होतो. याउलट साइट एकमेकींत नीट जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर डावीकडे डोलला, तर पेलेटही फक्त ५ मिलिमीटर डावीकडे जातो. दहाच लागतो! नवीन खेळाडू हात हलतो म्हणून हैराण असतात. खरं नुकसान मनगटात पाव मिलिमीटरची चूक शिरते तिथे होतं, आणि ते मनगट जागेवर ठेवण्याचं काम ग्रिपचं आहे.

तुमची ग्रिप कशी आहे ते आज रात्री घरीच तपासा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा, नेहमीसारखी पकड घ्या. डोळे मिटा, हात वर करून होल्डला, म्हणजे नेम धरायच्या जागी, आणा, एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेत कुठे आहे ते पाहा. पुन्हा करा, पुन्हा करा. दर वेळी वेगळीकडे दिसली तर तुमची पकडच अजून पक्की नाही, ग्रिपला दोष देऊ नका. दर वेळी एकाच बाजूला, समजा डावीकडेच, दिसली तर ग्रिपचा आकार तुमच्या हाताचा नाही. मग तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती मध्ये आणता आणि पन्नासाव्या शॉटपर्यंत मनगट थकतं.

बाहेरून मागवलेली अक्रोडाची तयार ग्रिप तुमच्या बजेटमध्ये कदाचित बसेल, कदाचित नाही. जुन्या पिस्तुलासोबत आलेली ग्रिप तुमच्या हातापेक्षा मोठी किंवा सारख्या मापाची असेल तर मी ती आधी घडवून बघेन. लागणारं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: एम-सील, अर्धगोल कानस, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर.

ग्रिप पिस्तुलापासून सोडवून घ्या. ट्रिगर असेंब्लीत लाकडाचा भुसा गेला तर तो महागात पडतो. जिथे भर घालायची ती जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा. सुपारीएवढं एम-सील मळून लावा, त्यावर पातळ प्लॅस्टिक टाका, मग ग्रिप पुन्हा बसवून नेहमीच्या पकडीने, जास्त जोर न लावता, थोडा वेळ धरून ठेवा. हाताचा ठसा उमटतो. रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी तळहाताला खडूची पूड लावून पकड घ्या आणि सोडा. जिथे पूड दाट चिकटली तिथे दाब जास्त आहे, ती जागा कानशीने हलकी घासा. एका वेळी एकाच जागी हात घाला आणि पुढचे काही दिवस त्यावर सराव करा. चार जागी एकदम भर घातली तर कशाने काय बिघडलं ते कळतच नाही.

कुठे काय हवं? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच जितकी वर, बॅरलजवळ जाईल तितकी चांगली. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट टेकलेलं असावं. दाब सरळ पुढून मागे यावा, बाजूंनी आवळलेला नको. तर्जनी मात्र लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकली की ट्रिगर ओढताना ती अख्खं पिस्तूल ढकलते. खालचा पाम शेल्फ (तळहात टेकायची फळी) तळहाताला नुसता लागेल इतकाच वर घ्या. तो घट्ट केला की स्थिर वाटतं खरं, पण रक्त अडतं आणि बोटं बधिर होतात.

स्पर्धेचे नियम डोक्यात ठेवूनच घासा. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. अंगठ्याच्या बाजूला हौसेने भर घालत गेलं की बहुतेकदा ५० मिलिमीटरची जाडी आडवी येते. पाम शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, त्याची कड वर वळलेली चालत नाही, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य तपासणीच्या) टेबलावर कानस काढायची वेळ कोणावरही येऊ नये.

ट्रिगर विकत घेऊ नका. मॅच पिस्तुलाच्या ट्रिगरला समायोजनाचे स्क्रू असतातच आणि नियमाने कमीत कमी ५०० ग्रॅमची ओढ लागते. पाण्याची बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून दोरीसकट ५२० ग्रॅम भरा, पिस्तूल ड्राय फायरवर (हवा न सोडता ट्रिगर चालवायच्या सोयीवर) टाका, बॅरल आकाशाकडे सरळ उभी करा आणि बाटली ट्रिगरला अडकवून हळूच उचला. ट्रिगर सुटता कामा नये. बरोबर ५०० वर ठेवू नका, थंडी-उन्हाने आणि झिजेने थोडाफार फरक पडतो. बहुतेक भार पहिल्या स्टेजला (ट्रिगर अडखळेपर्यंत) आणि शेवटचे १००–१५० ग्रॅम दुसऱ्या स्टेजला (तिथून सुटेपर्यंत), अशी वाटणी बहुतेकांना मानवते. आतले धातूचे भाग गुळगुळीत करायला घासायचे नाहीत. तो प्रकार धोक्याचा आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल नाही म्हणूनही हळहळू नका. टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरसारख्या खेळाडूच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, बरीच मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर १२वी राहिली. त्यापेक्षा तुमच्या मॉडेलच्या ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) एक जादा संच खोक्यात ठेवा, स्वस्तात काम होतं.

साइटमध्ये फार तर पुढची पट्टी बदलावी लागेल, ती साधारण ४ ते ५ मिलिमीटर रुंदीत मिळते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना खाचेत पट्टीच्या निम्म्या रुंदीइतका उजेड दिसला की पुरे. आधी मागच्या खाचेचा स्क्रू फिरवून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. रेड डॉट, लेझर वगैरे या खेळात चालतच नाही. चष्मा असेल तर पिस्तूल कुठे धरता तेवढं अंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना मोजून सांगा. साइट स्पष्ट आणि टार्गेट जरा पुसट दिसायला हवं.

कॉम्पेन्सेटर, नळीवरची सजावट, ‘पॉवर वाढवणारी’ स्प्रिंग, हे सगळं सोडून द्या. पेलेट सेकंदाला १५० मीटरच्या आसपास गेला की १० मीटरवर कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, त्याहून वेगाचा काही उपयोग नाही. पुढे थोडं वजन हवंसं वाटलं तर टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगचे ५ आणि १० ग्रॅमचे चिकट तुकडे मिळतात. एक लावा, आठवडाभर खेळा, मग दुसऱ्याचा विचार करा.

हे सगळं परवाना न लागणाऱ्या .१७७ (४.५ मिलिमीटर) एअर पिस्तुलाबद्दल आहे. बारूदीच्या पिस्तुलाला यातलं काहीही घरी करू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे त्याच्या दुरुस्तीलाही परवानाधारकच लागतो.

उरलेल्या पैशांचे पेलेट. तीन-चार ब्रँडचे, ४.४९ आणि ४.५० हेड साइझचे (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये), एकेक डबा घ्या. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच शॉटचे काही गट काढा. ज्याचा गट सातत्याने लहान येतो त्याच बॅचचे जमतील तितके डबे एकदम उचला, कारण पुढच्या बॅचचा पेलेट तुमच्या बॅरलला तसाच मानवेल असं नाही. कागदावर ब्रँड, हेड साइझ आणि बॅच नंबर लिहून ठेवा. दुकानदाराला फोन कराल तेव्हा तोच नंबर सांगायचा आहे.