आधी सराफाला दिवा बंद करायला सांगा

प्रश्न : ताई, मुलीचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे. तिला हिरा नको, नीलमच हवाय, डायनाच्या अंगठीसारखा. आमच्या नेहमीच्या सराफांनी दोन सुटे खडे दाखवले, दोन्ही २ कॅरेटच्या आसपास. एक गडद, एक जरा फिका. गडद महाग, आणि तो काश्मिरी आहे म्हणतात. बायकोला गडद आवडलाय, मुलीला फिका. त्यात आई म्हणते शनीचा खडा आहे, आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघा. आता काय करावं? — एक वडील, डोंबिवली

उत्तर : अहो, पहिलं म्हणजे खडा त्या काउंटरवरच्या पांढऱ्या फोकसखाली बघायचाच नाही, तो फोकस असतोच मुळात खडा खुलून दिसावा म्हणून. सराफाला सांगा दिवा बंद करा, आणि खडा चिमट्यात धरून दाराशी न्या, थेट उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. मग घरच्या पिवळ्या बल्बखाली बघा, कारण पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो, आणि साखरपुड्याच्या हॉलमधे तसलेच दिवे असतात. मी स्वतः रत्नपरीक्षेचा कोर्स करायच्या आधी एकदा संध्याकाळी एका दुकानातून असाच गडद नीलम उचलला होता, दुकानात नुसती मखमल, आणि सकाळी गॅलरीत जाऊन बघते तर शाईची दौत! वर्षभर लोक विचारत होते, काळा खडा का घातलास गं.

तेव्हा गडद म्हणजे भारी हे डोक्यातून काढून टाका. रंग भरलेला हवा पण खडा हलवला की आतून उजेड उसळला पाहिजे, नाहीतर काय उपयोग. डायनाचा नीलम श्रीलंकेचा, १२ कॅरेटचा लंबगोल, भोवती १४ हिरे, १९८१ सालचा, आता डायनाच्या सुनेच्या, केटच्या बोटात आहे. त्याचे फोटो बघा, तोही गडदच आहे पण काळा पडलेला नाही.

आता एक करा. खडा पेपरवर ठेवा, सपाट बाजू वर, आणि वरून बघा. मधोमध खालची अक्षरं वाचता आली तर समजा पैलू चुकीच्या कोनात पाडलेत, उजेड परत वर यायचा सोडून खालून गळून जातो, बाजारात ह्याला विंडो म्हणतात. मग बाजूने बघा. श्रीलंकेच्या खड्यात बऱ्याचदा बाजूने निम्मा खडा पाण्यासारखा पांढरा आणि टोकाशी निळा ठिपका असं दिसतं, तर घाबरू नका, कारागिराने तो रंग मुद्दाम खाली ठेवलेला असतो म्हणजे वरून अख्खा खडा निळा दिसतो. वरून एकसारखा दिसतोय ना, बास. फक्त पोट सुटलेला खडा नको, कारण पैसे वजनाचे मोजायचे आणि ते वजन कोंदणाखाली लपून बसणार, वर अंगठीही बोटावर उंच उभी राहते आणि सगळीकडे अडकते.

काश्मिरी म्हणाले का, मग जरा हसून घ्या. काश्मिरात पाडरच्या डोंगरात १८८१ च्या सुमाराला दरड कोसळली आणि नीलम उघडे पडले, आणि उत्तम माल दहा वर्षांच्या आत उपसून झाला. आज तिथला खरा खडा दिसला तर जुन्या दागिन्यात नाहीतर लिलावात. दुकानातलं काश्मिरी हे बहुतेक वेळा रंगाचं नाव असतं, खाणीचं नाही. खाण कुठली हे रत्नं तपासणारी चांगली लॅब सांगू शकते, तेव्हा तो शब्द रिपोर्टवर असेल तरच त्याचे पैसे द्या.

रिपोर्टमधे नुसतं नॅचरल बघून थांबू नका, ट्रीटमेंटची ओळ वाचा, म्हणजे खड्यावर काही प्रक्रिया केली आहे का ते. श्रीलंकेत गेउडा नावाचे दुधी खडे मिळायचे, फेकून दिल्यासारखे, १९७० च्या दशकात थायलंडच्या लोकांनी ते भट्टीत हजार-दीड हजार डिग्रीच्या वर तापवले तर निळेशार झाले. आज बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात, त्यात फसवणूक काही नाही, रंग कायमचा टिकतो. पण न तापवलेला खडा बराच महाग असतो, म्हणून तो भाव सांगत असतील तर कागद मागा. आणि हॉलमार्क दाखवला तर तो सोन्याचा असतो हो, खड्याचा नाही.

मुलीला फिका आवडलाय ना, आणि उजेडात तो उठून दिसतोय ना, मग तोच घ्या, घालणार ती आहे. आईंना नाही म्हणू नका. नेहमीचे सराफ आहेत, खडा तीन-चार दिवस जांगडवर, म्हणजे नाही पटला तर परत करायच्या बोलीवर, मागून घ्या. रात्री त्यांच्या उशीखाली, दिवसा तुमच्या खिडकीत.

प्रश्न : मी ५ रत्तीचा नीलम घेतला, लॅबच्या रिपोर्टवर ४.५५ कॅरेट आलं. फसवलं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, चोख आहे. खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरेट, पाचने गुणा. घोळ होतो कारण आपल्या तोळ्यातली गुंज वेगळी, ती १२१ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तिलाही लोक रत्तीच म्हणतात. बिलावर कॅरेट लिहून घेत चला, कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे सारखं.

प्रश्न : बहिणीने ऑनलाइन ६ कॅरेटचा निळाशार नीलम अगदी स्वस्तात घेतला. अंगठी सैल होती म्हणून सोनाराकडे दिली, परत आली तर खड्यावर पांढरट रेघा! सोनाराने बदलला असेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बदलला असता तर चांगला दिसणारा दिला असता की. माझा अंदाज, खड्यात भेगा होत्या आणि त्यात कोबाल्ट घातलेली निळी काच भरलेली होती. खरा नीलम हिऱ्याखालोखाल कडक, मोज् स्केलवर ९, त्याला तेजाबाने काही होत नाही. पण अंगठी लहान करताना सोनार ज्योत आणि तेजाब वापरतो, आणि ही काच त्यांनी खाल्ली जाते, लिंबाचा रससुद्धा तिला पुरतो. १० पटीचं भिंग लावून बघा, भेगांमधे गोल बुडबुडे आणि खडा हलवल्यावर निळी चमक दिसली तर तेच. तिने खडा सोनाराला देताना काय आहे ते सांगितलंच नसणार, त्यामुळे त्या बिचाऱ्याला काही बोलली असेल तर आता जाऊन सॉरी म्हणायला सांगा.