लेख एआयकडून घ्या, ‘पब्लिश’ मात्र स्वतः दाबा

विषयांच्या यादीची गूगल शीट, एआय आणि वर्डप्रेस (वेबसाइट चालवायची प्रणाली) जोडून रोज ढिगाने लेख आपोआप टाकायचा बेत असेल, तर आधी थांबा. एआयने लिहिलंय एवढ्यावरून गूगल लेख बाद करत नाही, हे त्यांनी फेब्रुवारी 2023 मध्येच स्पष्ट केलंय. पण नुसतं सर्चमध्ये वर दिसण्यासाठी (रँकिंगसाठी) घाऊक मजकूर ओतला, तर मार्च 2024 च्या धोरणानुसार तो स्पॅम धरला जातो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा मशीनने.

म्हणून वर्डप्रेसला लेख पाठवताना स्टेटस ‘ड्राफ्ट’च, म्हणजे अप्रकाशित मसुदाच ठेवा. विषय सर्च कन्सोलमधल्या (लोक काय शोधून आपल्या साइटपर्यंत येतात हे दाखवणारं गूगलचं साधन) क्वेरींवरून, म्हणजे शोधशब्दांवरून निवडा. आपली माणसं ‘हापूस कसा ओळखायचा’ हे रोमन लिपीतही शोधतात, तेव्हा तशा क्वेरीही बघा. एआयला नुसता कीवर्ड देऊ नका. हापूसवर लेख हवा तर 2018 चं भौगोलिक मानांकन, त्यातले रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे आणि बागायतदाराशी स्वतः बोलून आणलेली माहिती द्या. नाहीतर ‘आंबा हा फळांचा राजा आहे’ यापुढे गाडी सरकत नाही. आकडे, तारखा एकेक करून तपासा. चुकीचा आकडाही एआय तितक्याच ठामपणे देतो. मेटा डिस्क्रिप्शन (सर्चमध्ये दाखवण्यासाठी पानाचा छोटा सारांश), ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) यांचे मसुदे मशीनवर बिनधास्त सोपवा.