कोंबडी आरवली तर काय होतं?

बाळा,

काल व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली ना, की शेजारची कोंबडी आरवायला लागलीये, अपशकुन आहे, कापून टाका म्हणावं. नंतर तू मला विचारलंस की कोंबडी आरवली तर घरात खरंच वाईट होतं का. नाही होत.

कोकणात आपल्याकडे बरेच जण हे मानतात. पण खरं कारण कोंबडीच्या पोटात असतं. तिचं फक्त डावं अंडाशय काम करतं, ते आजाराने किंवा वयाने बंद पडलं की कधीकधी उजवीकडचा अर्धवट राहिलेला अवयव वाढतो आणि नराचे हार्मोन्स बनायला लागतात, मग तुरा मोठा होतो, अंडी बंद होतात आणि बाईसाहेब आरवायला लागतात. अंडी न देणारी कोंबडी गरीब घरात पोसणार कोण, म्हणून ‘कापा’ हे सोपं पडत असणार असं मला वाटतं. पण पूर्वी घरातली बाई मोठ्याने बोलली, चार गोष्टी ठरवायला लागली की लोक तिला पण हीच कोंबडी ऐकवायचे, त्याचा मला फार राग येतो. तू असलं काही ऐकून घ्यायचं नाहीस.

आणि हे आपल्याकडचंच खूळ नाही बरं का. आपण झुरिकहून ट्रेनने जातो ना बाझलला, तिथे 1474 साली एका कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळलं होतं, कारण त्या अंड्यातून राक्षसी साप निघेल अशी लोकांना भीती होती.

रात्री भलत्या वेळी कोंबडा आरवला तरी गावात कुणीतरी घाबरतंच. पहाटेचं आरवणं त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं, हे 2013 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं, पण अचानक उजेड पडला किंवा दुसरा कोंबडा ओरडला तरी तो आरवतो. म्हणजे अंगणात गाडीचा लाईट पडला तरी पुरे.

आजीची एक रीत मात्र मला खूप आवडते. खुडूक कोंबडी बसवताना ती टोपलीत भाताचं गवत घालते, विजेच्या कडकडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवते, आणि थोड्या दिवसांनी एकेक अंडं बल्बसमोर धरून आत लाल शिरा दिसतात का बघते. खिळ्याने वीज अडत नाही, पण ते 21 दिवस ती त्या टोपलीला जिवापाड जपते. मे महिन्यात जाऊ तेव्हा तिला सांग, अंडी बल्बसमोर मी धरणार म्हणून.

तुझी आई