कधीच सिगारेट ओढली नाही, तरी हवेमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो का?

होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ सालीच बाहेरची प्रदूषित हवा कॅन्सरकारक ठरवली. खरा गुन्हेगार पीएम २.५, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे कण. वयानुसार फुप्फुसातल्या काही पेशींत ईजीएफआरसारख्या जनुकात बिघाड होतो, पण त्या नुसत्या पडून असतात. कणांनी सूज आणली की त्या वाढू लागतात, असं २०२३ च्या संशोधनात दिसलं.

नाशिकची हवा म्हणजे थंड नि छान, हा समज हिवाळ्यात तरी सोडा. पहाटे जमिनीलगतच्या गार हवेत धूर खालीच अडकून राहतो. द्वारका चौकातून स्कूटरवर जाताना बांधलेला रुमाल धूळ अडवतो, हे कण नाही. नाकावर घट्ट बसणारा एन९५ मास्क हवा. बंबाचा, चुलीचा धूरही यातच धरा.

खोकला तीन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर एक्स-रे काढा. मोठी चूक इथे होते: डाग दिसला की थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू, आणि महिने वाया. थुंकीत जंतू नसतील तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल विचारा. कॅन्सर निघालाच तर ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासून घ्या. सिगारेट न ओढणाऱ्यांत हे बदल जास्त सापडतात आणि त्यांवर गोळ्या आहेत.