नळीवर नाव असतं, माप नसतं

प्रश्न : काका, शेजारचे आजोबा गेले. त्यांच्या पत्नीने त्यांची रायफल मला दिली. नळीवर ‘17 मॅक 4’ कोरलंय. सोबत पुंगळ्यांना आकार देणारे डाय, त्यांनी घरी भरलेली चाळीस काडतुसं आणि एक वही आहे. दुकानात मॅक 4 मिळत नाही, तिथला मुलगा म्हणाला 17 फायरबॉल चालेल. मला हिवाळ्यात कायोटीच्या, म्हणजे इकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराच्या, शिकारीसाठी वापरायची आहे. वहीत लिहिलीय तेवढीच दारू भरू का?
– एक वाचक, पश्चिम नेब्रास्का

उत्तर : आधी ती चाळीस काडतुसं रायफलीपासून लांब ठेव. एकही झाडू नकोस. आत कोणती दारू किती आहे ते बाहेरून कळत नाही, आणि भरणारे आजोबा आता विचारायला नाहीत. पुलर आणून गोळ्या उपटून काढ. गोळ्या आणि पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, ठेव, दारू मात्र पुन्हा वापरायची नाही.

दुकानातल्या मुलाचंही ऐकू नकोस. मॅक 4 हे वाइल्डकॅट, म्हणजे कारखान्याच्या पुंगळीचा आकार बदलून कुणीतरी स्वतः घडवलेलं काडतूस. रेमिंग्टनचं 221 फायरबॉल 1963 मध्ये त्यांच्या एक्सपी-100 पिस्तुलासाठी आलं. व्हर्न ओब्रायन यांनी त्याची 22 ची मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं टोक, आवळून 17 ची, म्हणजे 0.17 इंची गोळीच्या मापाची केली, तेच मॅक 4. रेमिंग्टनचं स्वतःचं 17 फायरबॉल 2007 चं. दोन्ही शेजारी ठेवली तर भावंडं वाटतात, पण मापं वेगळी आहेत. एकाच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या पोकळीत, दुसरं झाडायचं नाही. काही वाइल्डकॅटचं नशीब उघडतं. 22-250 कितीतरी वर्षं लोक घरीच बनवत होते, 1965 मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. मॅक 4 ला ते भाग्य मिळालं नाही. म्हणून तुझ्या रायफलीचं माप तिच्या चेंबरमध्येच शोधायचं. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे जा. कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून तो ठसा काढून देईल. त्या ठशावर मानेचा व्यास नीट मोजून घे.

मानेवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. 22 ची मान 17 ची केली की पितळ कुठे जाणार? भिंत जाड होते. वायोमिंगमध्ये मी माझ्या मॅक 4 साठी पहिल्या वीस पुंगळ्या केल्या तेव्हा हे ऐकून माहीत होतं, पण मोजलं नाही. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लावताना हाताला किंचित अडलं, तरी चाप ओढला. नंतर बोल्ट उघडेना. लाकडी हातोडीने ठोकून काढला तर पुंगळीच्या तळातला, दारू पेटवणारा प्रायमर पार चपटा झालेला. दारू कंपनीच्या तक्त्यातली सगळ्यात कमी होती! घरी मोजलं : चेंबरची मान 0.199 इंच, उरलेल्या भरलेल्या काडतुसांची 0.1985. अर्धा थाऊ मोकळीक; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मान फुलून गोळी सोडायला जागाच नव्हती, दाब चढणारच. इतकी वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने हे करावं, याचं मला आजही वाईट वाटतं. आता प्रत्येक मान हाताने टर्न करतो, म्हणजे बाहेरून तासतो. केसासारखी पितळी साल निघते, आणि अडीच थाऊ मोकळीक मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. तुझ्या नळीचा आकडा वेगळा असेल, माझा उचलू नकोस.

मान आवळताना पितळ ताठरतं आणि पुढे तडकतं. मी पुण्याच्या कसब्यातला. तांबट आळीत ठोकून ठोकून भांडं कडक झालं की भट्टीत तापवून नरम करतात आणि पुन्हा ठोकायला घेतात, ते लहानपणी तासन् तास पाहिलंय. इथेही तेच, पण फक्त मान आणि खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, तापवायचा. तळाला आच लागता कामा नये. दाब तोच पेलतो, नरम पडला तर पुंगळी फुटते.

आता वही. तिच्यातला आकडा आजोबांच्या त्या वेळच्या दारूचा, त्यांच्या पुंगळ्यांचा. तू दारूच्या कंपनीच्या आजच्या तक्त्यातला सगळ्यात खालचा आकडा घे आणि तिथून चढ. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. थर्टी-ऑट-सिक्ससारख्या मोठ्या काडतुसात पन्नास-एक ग्रेन दारू जाते, तिथे अर्ध्या ग्रेनने फारसं बिघडत नाही. मॅक 4 मध्ये वीसच्या आत जाते. इथे तोच अर्धा ग्रेन भारी पडतो. 17 चं बारीक नरसाळंही घे, नेहमीच्यात लांबट दाणे अडकतात. एका पुंगळीत कमी पडलेले दाणे पुढच्या पुंगळीत जास्त होऊन पडतात.

कायोटीसाठी रायफल उत्तम आहे, भोक लहान पडतं, कातडं फाटत नाही. पण 25 ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम 1.6 ग्रॅम, तुमच्याकडचा वारा ती सहज ढकलतो. वहीत आजोबांनी वाऱ्याच्या आणि जागांच्या नोंदी केल्या असतील तर त्या नीट वाच. त्या भागात इतके हिवाळे काढलेल्या माणसाचं ते धन आहे.

ठसा काढून झाला की मानेचा व्यास मला कळव, भिंत किती ठेवायची ते आपण मिळून ठरवू.