‘तारकीय अवशेष’ की आणखी काही? आणि तो ‘असावा’ की ‘असेलही’?

तुमचं वाक्य आधी परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. “सूर्यमालेच्या निकट एखादा अनाविष्कृत तारकीय अवशेष असावा काय?” शाळेच्या अंकासाठी इंग्रजी लेखावरून लिहिताय, मुख्याध्यापिकाबाईंनी ‘अवशेष’खाली लाल रेघ मारलीय आणि तुम्हाला ती पटलेली नाही. मला विचाराल तर रेघ बरोबर आहे, फक्त बाईंनी हात आखडता घेतलाय, अजून दोन शब्दांखाली मारायला हवी होती.

‘अनाविष्कृत’ आधी निकालात काढू. हा शब्द हिंदीच्या वाटेने आलाय. हिंदीत आविष्कार म्हणजे यंत्राबिंत्राचा शोध, आपल्याकडे आविष्कार म्हटलं की नाटकाचं परीक्षण आठवतं, ‘अभिनयाचा उत्कट आविष्कार’ वगैरे. तेव्हा मराठी वाचकाला तुमचा तारा ‘मनातलं बोलून न दाखवलेला’ असा काहीतरी वाटणार. सरळ ‘अजून न सापडलेला’ लिहा.

आता अवशेष. शब्दात चूक काहीच नाही, पण मराठी कानाला अवशेष म्हटलं की पसरलेलं, विखुरलेलं काहीतरी दिसतं. किल्ल्याचे अवशेष, हडप्पाचे अवशेष, विमान पडलं की त्याचे अवशेष, आणि बहुतेक वेळा अनेकवचनातच. आकाशात याला अगदी फिट्ट बसणारी गोष्ट आहे ती म्हणजे वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ. १०५४ साली चिनी लोकांनी दिवसाढवळ्या दिसणारा ‘पाहुणा तारा’ नोंदवून ठेवला होता, त्या स्फोटातून उडालेला वायू आज साधारण ११ प्रकाशवर्षं रुंद पसरलाय. त्याला खुशाल अवशेष म्हणा. पण त्याच्या बरोब्बर मध्यभागी जेमतेम शहराएवढा एक न्यूट्रॉन तारा बसलाय, सेकंदाला ३० गिरक्या घेणारा, आणि तुमच्या लेखात म्हणायचंय ते हे, म्हणजे मधलं आवळून बसलेलं गाठोडं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो, मराठीत दोन्हीला अवशेष म्हटलंत की वाचक हमखास धुराच्या लोटाकडे बघणार.

म्हणून मी माझ्यापुरता ‘ताराशेष’ वापरतो. शेष म्हणजे वजाबाकी करून उरतं ते, एकवचनी आणि आटोपशीर. जड वाटत असेल तर फोड करून लिहा, ‘तारा मेल्यावर उरलेला गाभा’. श्वेतबटूच्या, म्हणजे सूर्यासारखा तारा मेल्यावर उरणाऱ्या छोट्या, घट्ट ताऱ्याच्या, बाबतीत तर हे शब्दशः खरं आहे, बाहेरची कवचं उडून जातात आणि आतला गाभा उघडा पडतो.

‘विझलेला तारा’ हा पर्यायही तुम्ही सुचवलाय, दिसायला छान आहे पण घोटाळा आहे. आमच्या आजीकडे रात्री शेगडीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी चिमट्याने राख बाजूला केली की आत लालबुंद असायचं. श्वेतबटूचं तसंच आहे, आत नवीन जळत काही नाही, जुनी धग मात्र इतकी सावकाश जाते की पूर्ण विझायला लागणारा वेळ विश्वाच्या आजच्या वयापेक्षा, म्हणजे १३८० कोटी वर्षांपेक्षा, कितीतरी जास्त आहे. थोडक्यात, विझलेला श्वेतबटू अजून विश्वात एकही नाही! तेव्हा फार तर ‘विझत चाललेला’. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी मराठीत आयतीच म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे तर पीळ जायच्या ऐवजी वाढतो, मोठा गाभा आक्रसून इवलासा झाला की त्याची गिरकी भन्नाट वेगाची होते, बर्फावर नाचणारी मुलगी हात जवळ घेते तसं.

(बटू या शब्दावरून एकदा सविस्तर भांडायचंय मला. मुंजीतला गोटा केलेला पोरगा म्हणजे बटू, आयुष्याच्या सुरुवातीचा, आणि आपण तो म्हाताऱ्या ताऱ्याला चिकटवलाय. पण वामन डोळ्यांपुढे आणला की राग जातो, पृथ्वीएवढ्या देहात सूर्याएवढा ऐवज कोंबलेला, चमचाभर घेतला तरी काही टन भरेल. राहू दे तो शब्द.)

खरी गंमत शेवटी आहे, ‘असावा काय’ मध्ये, आणि बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मराठीत अंदाज सांगायच्या पायऱ्या आहेत, असलाच पाहिजे, असावा, असेल, असू शकेल, आणि सगळ्यात खाली खांदे उडवून म्हटलेलं ‘असेलही’. यातला ‘असावा’ हा पुराव्यावरून बोलायचा शब्द आहे. बाहेर चपला दिसल्या की आपण म्हणतो पाहुणे आले असावेत. चपला नसतील तर नाही म्हणत.

व्याधाचं उदाहरण घ्या. १८४४ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने दाखवलं की व्याध आकाशात सरळ न सरकता हेलकावे खात सरकतोय, म्हणजे त्याला न दिसणारा जोडीदार असावा, असलाच पाहिजे म्हणा. चपला दारात होत्या. बेसेल १८४६ मध्ये वारला, त्याला तो बघायला मिळाला नाही. ३१ जानेवारी १८६२ ला अमेरिकेत अॅल्व्हन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंची नवीन भिंग तपासत होता, त्याने ते व्याधाकडे वळवलं आणि शेजारी बारीक ठिपका. भिंग तपासताना दिसला, म्हणजे ‘शोध घेतला’ नाही म्हणता येणार, ‘शोध लागला’. आपला हा एक शोध शब्द घेतला, लावला, लागला अशी क्रियापदं बदलून तीन कामं करतो त्याचं मला कायम कौतुक वाटतं. मी स्वतः गच्चीवरून दोन-तीन हिवाळे त्या जोडीदारासाठी डोळे फोडलेत, व्याधाच्या झगमगाटात काही म्हणजे काही दिसलं नाही, तो व्याधापेक्षा जवळजवळ दहा हजार पट मंद आहे. अंतर ८.६ प्रकाशवर्षं, आणि माहीत असलेला सगळ्यात जवळचा ताराशेष आजही तोच.

आता सूर्याचा लपलेला जोडीदार. १९८४ साली शिकागो विद्यापीठातले रॉप आणि सेपकोस्की यांनी मांडलं की गेल्या २५ कोटी वर्षांत दर साधारण २ कोटी ६० लाख वर्षांनी प्राण्यांच्या जातीच्या जाती नष्ट झालेल्या दिसतात. त्यावरून त्याच वर्षी दोन गटांनी सुचवलं की सूर्याला एक अंधुक जोडीदार असू शकेल, दीड प्रकाशवर्षाच्या आसपास, जो ठरावीक काळाने जवळ येऊन धूमकेतूंचा मेघ ढवळतो आणि ते इकडे पाठवतो. नाव पडलं नेमेसिस. (माझ्या भाचीला वाटलेलं की नेमाने येतो म्हणून नेमेसिस. खरं तर ती ग्रीकांची शासन करणारी देवता आहे, पण भाचीची व्युत्पत्ती मला जास्त आवडते.) इथे हेलकावा कुणी बघितला नव्हता, चपला दारात नव्हत्या, होत्या त्या फार तर पावलांच्या पुसट खुणा. म्हणून इथे ‘असावा’ जास्त होतं, ‘असू शकेल’ बरोबर. शिवाय नेमेसिस म्हणून जे सुचवलं होतं तो छोटा लाल तारा किंवा तपकिरी बटू, म्हणजे मेलेला कुणीच नाही, तपकिरी बटू तर धड तारा झालेलाच नसतो, त्याचा शेष कुठून येणार.

पुढे नासाच्या वाइज या अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बिणीने अख्खं आकाश धुंडाळलं. २०१४ चा निष्कर्ष असा की पृथ्वी-सूर्य अंतराच्या १०,००० पटींच्या आत शनीएवढं आणि २६,००० पटींच्या आत गुरूएवढं काही नाही. श्वेतबटूचं म्हणाल तर मी आकडेमोड करून बघितली, व्याधाचा जोडीदार उचलून दीड प्रकाशवर्षावर ठेवला तर तो गावाकडच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि १४ प्रकाशवर्षांवरचा थंडसर व्हॅन मानेन तारा तिथे ठेवला तर साध्या बायनॉक्युलरमधून. एवढं जवळचं गिऱ्हाईक आजवर सुटलं नसतं. म्हणजे श्वेतबटूसाठी ‘असेलही’सुद्धा नको, ‘नसणार’ लिहा.

उरलं कृष्णविवर, आणि सगळ्या अटकळींचं माहेरघर तेच, कारण ते दिसतच नाही. माहीत असलेलं सगळ्यात जवळचं गाया बीएच-१, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर, २०२२ साली सापडलं ते सूर्यासारखा एक तारा १८६ दिवसांत त्याच्याभोवती फेरी मारतो म्हणून. एकटं भटकणारं असेल तर सापडणं महाकठीण, तेव्हा शेकडो प्रकाशवर्षांच्या टापूत एखादं असेलही. सूर्याच्या अगदी दाराशी मात्र नाही, ताऱ्यापासून झालेलं कृष्णविवर सूर्याच्या कित्येक पट वजनाचं असतं, त्याने ग्रहांना ओढल्याचं केव्हाच लक्षात आलं असतं.

तुमच्या इंग्रजी लेखात २०१९ च्या शोल्ट्झ आणि अनविन यांच्या कल्पनेचाही उल्लेख आहे, नेपच्यूनपलीकडचा तो संशयित नववा ग्रह म्हणजे पृथ्वीच्या पाचपट वजनाचं कृष्णविवर असू शकेल अशी. आकार म्हणाल तर ९ सेंटिमीटर, मोठ्या मोसंब्याएवढा. पण ते आदिम कृष्णविवर, विश्वाच्या अगदी सुरुवातीला झालेलं, त्याच्यासाठी कुठलाही तारा मेलेला नाही. त्या परिच्छेदात अवशेष, मृत, शेष यातलं काहीच बसत नाही, तिथे तुम्ही वापरलेला ‘मृत ताऱ्याचे हे अवशेष’ हा तुकडा काढून टाका.

तर वाक्य असं करा: “सूर्याच्या शेजारपाजारी अजून न सापडलेला एखादा ताराशेष असू शकेल का?” आणि कृष्णविवराचं वाक्य पुढे जोडलंत तर लिंग सांभाळा, ताराशेष दडलेला, कृष्णविवर दडलेलं, तुमच्या मसुद्यात दुसऱ्या पानावर ‘दडलेला कृष्णविवर’ झालंय.